ईजीएफआर पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह दिसले, ती चूक आमचीच

नमस्कार डॉक्टर,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत, की गेफिटिनिब (ईजीएफआर जनुकात बदल असलेल्यांना दिलं जाणारं औषध) चालू असलेले फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ईजीएफआर निगेटिव्ह, म्हणजे तो बदल नसलेले दिसले, बरेच नमुने कुठल्याच रुग्णाशी ‘न जोडलेले’ म्हणून पडून राहिले आणि नमुन्याची तारीख भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पहिली तक्रार पूर्ण खरी आहे. मी तुमची माफी मागतो.

झालं काय, ते इतर वापरणाऱ्यांनाही कळायला हवं. तुमच्या लॅबच्या जुन्या फाइली जीआरसीएच ३७ या जिनोम आवृत्तीवरच्या, म्हणजे माणसाच्या डीएनएच्या प्रमाण नकाशाच्या जुन्या आवृत्तीवरच्या होत्या, पण फाइलीत तसा उल्लेख नव्हता. आमच्या सॉफ्टवेअरने त्या ३८ च्या धरल्या. एल८५८आर हा ईजीएफआरमधला बदल ३७ मध्ये सातव्या गुणसूत्रावर ५५२५९५१५ या जागी येतो, ३८ मध्ये ५५१९१८२२ वर. जुना आकडा नव्या आवृत्तीत शोधला की तो ईजीएफआर जनुकाच्या हद्दीबाहेर पडतो, आणि पॉझिटिव्ह रुग्ण गुपचूप निगेटिव्हच्या गटात जाऊन बसतो. तुम्ही औषधाचा रकाना शेजारी ठेवून पाहिलात म्हणून हे सापडलं. नाहीतर ते थेट तुमच्या निष्कर्षांत उतरलं असतं, या विचारानं मला झोप लागली नाही. लॅबकडे बोट दाखवणार नाही. न विचारता गृहीत आम्ही धरलं. आता फाइलीच्या प्रत्येक ओळीतलं डीएनएचं मूळ अक्षर जिनोमशी ताडलं जातं. अक्षरं जुळेनात, की फाइल तिथंच थांबते आणि आवृत्ती विचारते.

न जोडलेल्या नमुन्यांबद्दल मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. नाव आणि जन्मतारीख जुळली की आपोआप जोडा, असं तुम्ही सुचवलंत. आपल्याकडे किती जणांची जन्मतारीख १ जून आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. त्यात लग्नानंतर बदललेलं आडनाव, बाहेरच्या लॅबने बायोप्सीच्या तुकड्याला दिलेला वेगळा ब्लॉक नंबर. दोन वेगळ्या बायकांचे रिपोर्ट एकीच्या नावावर चढण्यापेक्षा नमुना सुटा राहिलेला बरा. चुकलं ते एवढंच, की तो सुटा का राहिला हे स्क्रीनवर दिसत नव्हतं. पुढच्या आवृत्तीत प्रत्येक नमुन्यासमोर कारण दिसेल आणि ‘जोडा’ हे बटण माणसाच्या हातात राहील.

तारखेची सक्तीही काढणार नाही. गेफिटिनिबच्या आधीची बायोप्सी आणि आजार पुन्हा वाढल्यावरची बायोप्सी एकाच रुग्णाची असली, तरी दुसरीत टी७९०एम हा औषधाला दाद न देणारा बदल सापडू शकतो. तारीख नसेल तर औषधाला झालेला हा प्रतिकार आधीपासूनच होता की नंतर आला, हे कोण सांगणार?

सीबायोपोर्टल हे कॅन्सरचा जनुकीय डेटा पाहण्याचं सॉफ्टवेअर फुकट असताना तुम्हाला पैसे कशाला, हेही तुम्ही विचारलंत. ते उत्तमच आहे, आम्हीही वापरतो. पण त्यात भरायला आधी जुळवलेला डेटा लागतो, आणि आमचं काम तिथवरचं. त्याच्या साच्यात तुमचा सगळा डेटा आम्ही काढून देतो, करार संपला तरी, वेगळे पैसे न घेता.

तुमच्या सगळ्या जुन्या फाइली मी स्वतः तुमच्यासोबत बसून पुन्हा चढवून देईन. सोयीचा दिवस मेलवर कळवा. रुग्णाचा नंबर किंवा नाव कृपया इथे लिहू नका.