जात्याच्या निवेदनाविषयी आलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या बालकादंबरीची निम्मी प्रकरणे नात सांगते आणि निम्मी घरातले दळायचे जाते. तिला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. चौथीतल्या आपल्या मुलाला अर्ध्या पुस्तकापर्यंत नेमके कोण बोलत आहे हेच कळेना. आजीही 'मी निघालो' म्हणते आणि जातेही 'मी भिजलो' म्हणते, त्याअर्थी मुद्रितशोधन झालेले नाही. जात्याची प्रकरणे अपुरी वाटतात. आणि घरातली वस्तू बोलते ही कल्पना परदेशी पुस्तकांवरून उचललेली दिसते, असे आपले म्हणणे आहे. प्रकाशक आणि विक्रेता मीच असल्यामुळे उत्तर देणे माझे काम आहे.

मुलाचा गोंधळ झाला त्याला मी जबाबदार आहे, लेखिका नाही. जात्याच्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर जात्याचे आणि नातीच्या प्रकरणावर दप्तराचे लहानसे चित्र येणार होते. पाने कमी करण्याच्या नादात मी ती चित्रे काढायला लावली आणि जात्याचा मजकूर तिरप्या टाइपात घेतला. देवनागरीतला तिरपा टाइप मोठ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही, मग मुलांच्या कुठून येणार?

'मी भिजलो' हा मात्र मुद्रणदोष नाही. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका 'मी आलो', 'मी जातो' असेच बोलतात. माझी आईही तसेच बोलत असे. आजीच्या तोंडी 'मी निघाले' घातले असते, तर ती आमच्याकडची आजी राहिली नसती. जात्याचा प्रश्न याहून अवघड होता. मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताना बोलणाऱ्याला स्वतःचे लिंग सांगावेच लागते, आणि जाते तर नपुंसकलिंगी. लेखिकेने एका खर्ड्यात 'मी भिजलं' असे लिहून पाहिले, पण ते तान्ह्या मुलाच्या लाडिक बोलण्यासारखे वाटू लागले. शेवटी तिने असा विचार केला की या जात्याने जन्मभर ऐकली ती त्याच्यावर दळणाऱ्या बायकांचीच भाषा, तेव्हा ते त्यांच्यासारखेच बोलेल. पुस्तकातला हा निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि तो मुलांना उलगडून सांगणारे एक वाक्य सुरुवातीला हवे होते, हेही आपल्या अभिप्रायामुळे पटले.

कल्पना परदेशी असल्याचे म्हणणे मला मान्य करता येत नाही. पहाटे दळायला बसलेल्या बायका जात्याला देव म्हणून हाक मारत आणि माहेर-सासरचे सगळे त्याच्याजवळ बोलत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. इतक्या पिढ्या ज्याला सांगत आल्या, ते एकदा उलट बोलले, एवढेच या कादंबरीत घडते.

जात्याला निम्मीच प्रकरणे का दिली, तेही सांगतो. कथा ऑगस्ट २०१९ च्या महापुरातली आहे. घरातली माणसे शाळेतल्या निवाऱ्याला जातात आणि जाते जड म्हणून मागे राहते. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना आले की इशारा आणि ४३ फुटांना आले की धोका, हे नातीला पाठ आहे. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेल्याचे तीच आपल्याला सांगते. जात्याला यातले काहीच ठाऊक नाही, कारण त्याला डोळेच दिलेले नाहीत. खुंट्यावरचा हात कोणाचा, वैरण म्हणजे तोंडात घातलेले धान्य किती, टाकी लावून म्हणजे छिन्नीने दगडाला खाचा पाडून किती दिवस झाले, एवढेच त्याला कळते, आणि आता आपल्याखालची जमीन मऊ झाली आहे हे कळते. माणसे कुठे गेली हे त्याला माहीत नसते, पण वाचणाऱ्या मुलाला माहीत असते. म्हणूनच आपण 'अपुरी' म्हटलेली त्याची प्रकरणे मला तशीच ठेवावीशी वाटतात.

पुढच्या छपाईत दोन्ही चित्रे येतील. हातातल्या प्रतींसाठी ती चिकटवता येतील अशी छापून घेतली आहेत. आपण दुकानात आलात तर तिथेच लावून देऊ, आणि पुस्तक परत करायचे असल्यास पूर्ण पैसे देऊ. संकेतस्थळावर वयोगट सहा वर्षांपुढे असा दिला होता, तो आता नऊ वर्षांपुढे असा केला आहे.

पुस्तक परत करण्यापूर्वी एक विनंती आहे. पाणी ओसरल्यावर नात घरी येऊन चिखलातल्या खुंट्यावर हात ठेवते आणि जाते तो हात ओळखायचा प्रयत्न करते, तेवढे प्रकरण आपण मुलाला मोठ्याने वाचून दाखवावे.

आपला,
प्रकाशक, कोल्हापूर