राज्यपालांचा मराठवाड्याशी संबंध काय? फिरत्या मजकुराला उत्तर

17 सप्टेंबर जवळ आला की आमच्या परभणीतल्या तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक लांबलचक मजकूर हमखास फिरतो. यंदा तो भाचीनं पाठवला, खाली एवढंच लिहून, "मामा, हे खरंय का?" मजकुराचा गोषवारा असा: राज्यपाल हे इंग्रजांनी लादलेलं पद, मराठवाड्यानंही इंग्रज गव्हर्नरांचा जाच सोसला, घटनाकारांनी ते पद विचार न करता तसंच उचललं, बाहेरून येणाऱ्या राज्यपालाला आपलं काही कळत नाही, तो फक्त सह्या करतो, आणि मराठवाड्याला या पदाचा एक रुपयाचा उपयोग नाही. म्हणून पदच रद्द करा.

भाचीला फोनवर सांगून भागलं असतं. पण हा मजकूर शिकलीसवरलेली माणसं पुढे ढकलताहेत, आणि त्यात शेवटी नुकसान मराठवाड्याचंच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रज गव्हर्नरांचा जाच आपण सोसला, हे साफ चूक. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरची हद्द नगर-सोलापूरकडेच संपत होती. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हैदराबादेत इंग्रजांचा रेसिडेंट बसायचा, पण आमच्या गावात हुकूम चालायचा तो निजामाचा. मराठवाड्यावर पहिला गव्हर्नर आला तो 1948 च्या पोलीस कारवाईनंतर, आणि तो स्वतंत्र भारताचा होता: लष्करी गव्हर्नर मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी. 1949 च्या डिसेंबरात त्यांच्या जागी मुलकी प्रशासक म्हणून वेलोडी आले.

पुढचा भाग तर आपल्याकडच्या तरुणांना बहुधा ठाऊकच नाही. 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली तेव्हा हैदराबाद 'ब' वर्गातलं राज्य होतं, आणि अशा राज्यांना राज्यपाल नसे, राजप्रमुख असे. हैदराबादचे राजप्रमुख कोण? मीर उस्मान अली खान. ज्यांच्या राजवटीविरुद्ध आपली माणसं तुरुंगात गेली, तेच सातवे निजाम.

वारसाच्या नोंदीसाठी मी तहसीलमधून आजोबांच्या नावाच्या खासरा पाहणी पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीची, नक्कल काढली होती. साल 1954. पिवळट कागदाची फिकी झेरॉक्स, सर्व्हे नंबर, आजोबांचं नाव, शेवटच्या रकान्यात कुणाची तरी गिचमिड सही. मुक्तिसंग्राम होऊन सहा वर्षं झाली होती, मुख्यमंत्री निवडून आलेले बूर्गुल रामकृष्ण राव होते, आणि तरी ज्या दिवशी ते पत्रक भरलं गेलं त्या दिवशी राज्याच्या प्रमुखपदी निजामच होते. त्या कागदाकडे बघताना मला हे आठवतं आणि अस्वस्थ व्हायला होतं.

ते संपलं 1 नोव्हेंबर 1956 ला. त्या दिवशी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि सातव्या घटनादुरुस्तीनं राजप्रमुख हे पदच गेलं. म्हणजे आपल्यासाठी राज्यपाल ही गुलामीची खूण नाही. निजाम ज्या खुर्चीवर होते ती खुर्ची गेल्यावर आलेलं ते पद आहे.

घटनाकारांनी ते तसंच उचललं, हेही खोटं. 1947 साली संविधान सभेत ठरलं होतं की राज्यपाल थेट लोकांनी निवडून द्यायचा. दोन वर्षं गेली आणि 1949 च्या मे महिन्यात सभेनं तो निर्णय फिरवला. मुख्यमंत्रीही निवडून आलेला आणि राज्यपालही, तर दोघांत रोज भांडण लागेल, हे त्यामागचं एक मोठं कारण. नेमणुकीची पद्धत बरी की वाईट यावर जरूर वाद घाला, पण विचार न करता उचललं असं म्हणू नका.

बाहेरच्याला काय कळतं, हा मुद्दा थोडक्यात. राज्यपाल दुसऱ्या राज्याचा असावा हा संकेत आहे, घटनेतली अट नाही. आणि महाराष्ट्राच्या राज्यपालांत अली यावर जंग आणि इद्रिस हसन लतीफ मूळचे हैदराबादचे, विद्यासागर राव करीमनगरचे. हे सगळे आपल्याच जुन्या संस्थानातले. उलट चाकूरचे शिवराज पाटील पंजाबात राज्यपाल होते आणि फुलंब्रीचे हरिभाऊ बागडे 2024 मध्ये राजस्थानला गेले.

आता "फक्त सह्या करतो". यातलं अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करतो. कलम 163 प्रमाणे राज्यपालानं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं असतं. काही वेळा तर सही वेळेवर होत नाही हीच तक्रार असते. विधान परिषदेच्या 12 जागांसाठी मंत्रिमंडळानं नोव्हेंबर 2020 मध्ये नावं पाठवली आणि 2022 मध्ये सरकार गेलं तरी निर्णय आला नाही. त्याच वर्षी राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावली, ती योग्य नव्हती असं सर्वोच्च न्यायालयानं 11 मे 2023 च्या निकालात म्हटलं. राज्यपालांवर टीका व्हायलाच हवी, मीही करतो.

पण मराठवाड्याला या पदाचा एक रुपयाचा उपयोग नाही, हे वाक्य मराठवाड्यातल्या माणसानं पुढे पाठवावं याचं मला दुःख होतं. देशातल्या इतर बहुतेक राज्यपालांच्या बाबतीत ते चालेल, महाराष्ट्राच्या नाही. ज्या सातव्या घटनादुरुस्तीनं राजप्रमुख घालवले, तिनंच कलम 371 मध्ये आपल्यासाठी सोय करून ठेवली. आजचं कलम 371(2) सांगतं की राष्ट्रपती आदेश काढून महाराष्ट्राच्या राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतात: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं, त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे, विकासखर्चाचं न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत पुरेशी संधी. 'मराठवाडा' हा शब्द घटनेत आहे, आणि तो राज्यपालांच्या जबाबदारीत आहे.

1956 ची ही तरतूद प्रत्यक्षात यायला, म्हणजे मंडळं स्थापन व्हायला, 1994 साल उजाडलं. त्यासाठी गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेनं किती वर्षं घासली, ते औरंगाबादच्या जुन्या कार्यकर्त्यांना विचारा. तोवर अनुशेष मोजला गेला होता. अनुशेष म्हणजे सोप्या भाषेत असं: सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने यांत राज्याची सरासरी काढायची आणि एखादा जिल्हा तिच्या जेवढा खाली, तेवढं भरून काढायला लागणारा पैसा. दांडेकर समितीनं 1984 मध्ये राज्याचा अनुशेष 3,186 कोटींवर काढला, त्यात मराठवाड्याचे सुमारे 751 कोटी, म्हणजे साडेतेवीस टक्के. पुढच्या समितीनं 1994 ची स्थिती धरून पुन्हा मोजलं, तेव्हा एकूण 14,006 कोटींत मराठवाड्याचे 4,004 कोटी निघाले. रक्कम भाववाढीनंही फुगते, ते सोडून द्या. पण टक्केवारी साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसवर गेली. दहा वर्षांत आपण मागे पडलो ते असे.

या आकड्यांवर बोट ठेवून सरकारला लेखी निर्देश कुणी दिले? राज्यपालांनी. 15 डिसेंबर 2001 ला पी. सी. अलेक्झांडर यांनी अनुशेषाचा पैसा विभागवार कसा वाटायचा याचे निर्देश काढले. ते पुरते पाळले गेले नाहीत ही आपली तक्रार रास्तच आहे. पण तक्रार करायला हातात कागद आहे तो राज्यपालांच्या सहीचा. तेवढाही आधार सोडून, मुंबईत ज्याचं वजन जास्त त्याच्याकडे पाणी आणि पैसा वळणार असेल, तर लाभधारक आपण नसू.

आणि ज्याच्यावर खरं तर मजकूर लिहायला हवा ते हे आहे. विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली आणि वाढवली गेली नाही. नव्यानं मंडळं नेमावीत असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2022 मध्ये घेतला, पण आदेश राष्ट्रपतींचा लागतो. पद रद्द करा म्हणणाऱ्या त्या लांब मजकुरात या तारखेचा उल्लेखही नाही.

भाचीला मी 371(2) चा मराठी मजकूर पाठवला. तिनं तो त्याच गटावर टाकला आणि खाली आमच्या आमदारांना एकच प्रश्न विचारला: 30 एप्रिल 2020 नंतर मराठवाडा विकास मंडळाचा अहवाल विधानसभेत कुणी ठेवला?