पाल, आबा आणि २५४

पाल चुकचुकली की आमची आजी घरात कुठंही असो, ‘कृष्ण कृष्ण’ म्हणते. गेल्या महिन्यात आमच्या इंदूरच्या, रामबागेतल्या घरात ती दर अर्ध्या मिनिटाला म्हणू लागली. फडताळ हलवलं, देव्हाऱ्यामागं बॅटरी मारली. पाल निघाली माझ्या लॅपटॉपात.

भाच्यानं त्या जुन्या यंत्रावर लिनक्स ही कार्यप्रणाली चढवून दिली, तेव्हापासून हार्ड डिस्क ‘टक्’ करत होती. जेल रोडवरच्या दुकानदारानं कान लावून निकाल दिला, ‘भिया, डिस्क तो चकाचक है. आवाज मत सुना करो.’

रात्री स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते तो तक्ता उघडला. नोंद १९३, लोड सायकल काउंट : ४७,३१२. चहा ठेवून आलो, ४७,३२०. चकतीवरचं वाचणारं-लिहिणारं हेड उचलून बाजूच्या उतारावर किती वेळा टेकवलं, त्याचा हा हिशेब. झेपतात साधारण ३ लाख. डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅमला, म्हणजे फर्मवेअरला, वीज वाचवायची इतकी हौस, की ८ सेकंद काम नसलं की हेड उतारावर, टक्! आणि लिनक्स बारीकसारीक नोंदी साठवून ३० सेकंदांनी लिहिणार. आबांचा डोळा लागला रे लागला की आजीचं ‘अहो, दळण!’ यावं, तसं. तासाला १२०. रोज ८ तास धरले तर ३ लाख दहा-साडेदहा महिन्यांत खलास.

आबा अर्थातच डिस्कच्या बाजूनं. ‘वीज वाचवतेय ना बिचारी?’ माणूस खोलीबाहेर पडायच्या आत ते दिवा मालवतात. त्यापायी ट्यूबलाइटचे किती स्टार्टर गेले, हा हिशेब आमच्याकडे काढत नाहीत.

उपाय एचडीपार्म नावाच्या आज्ञेत होता. तिला आकडा द्यायचा, जितका मोठा तितकी डिस्कची वीजबचत कमी. १२७ पर्यंत डिस्कला फिरणं थांबवून झोपायची मुभा, १२८ पासून नाही, २५५ म्हणजे ही बचतच बंद. मी थेट २५५ दिला. डिस्क ढिम्म. २५४ मात्र तिनं निमूट ऐकला. आबांनाही ‘झोपू नका’ खपत नाही, ‘जरा जागे राहा’ खपतं.

जेवून आलो, लॅपटॉप झोपेतून उठवला, तर टक्! झोपेत डिस्कची वीज तुटते आणि दिलेला आकडा ती साफ विसरते. शेवटी यंत्राला जाग आली की तिच्या कानात २५४ सांगणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

तिसऱ्या दिवशी आजी टेबलापाशी आली.

‘पाल मारलीस का रे?’

‘पाल नव्हती गं, डिस्क होती. गप्प केली.’

‘कशाला? बसल्या बसल्या दिवसाला हजार नामं होत होती माझी.’