प्रवेश मिळाला, पण कितव्या वर्षाला?

अमेरिकेतल्या एखाद्या नामांकित इंजिनिअरिंग विद्यापीठात ट्रान्सफर, म्हणजे पदवी अर्धी शिकून झाल्यावर पुढच्या वर्षाला प्रवेश, घेण्याचा विचार करणारा परदेशी विद्यार्थी भेटला, की त्याचा पहिला प्रश्न ‘मला तिथे प्रवेश मिळेल का’ हाच असतो. मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न तो सहसा विचारत नाही : प्रवेश मिळाल्यावर मला कितव्या वर्षाला बसवतील, आणि ते मला पैसे भरण्याआधी कळेल का? अशा अनेक मुलामुलींची कागदपत्रे मी गेली काही वर्षे बारकाईने पाहत आले आहे. ज्यांच्या घरचे आर्थिक गणित कोलमडले, त्यांतल्या बहुतेकांना प्रवेश मिळाला होता. मान्य झाली नव्हती ती आधी शिकलेल्या विषयांची क्रेडिट, म्हणजे श्रेयांक.

पहिल्या वर्षाच्या प्रवेशात विद्यापीठ विद्यार्थ्याची एकंदर कुवत पाहते. ट्रान्सफरमध्ये, आणि त्यातही इंजिनिअरिंगमध्ये, विद्यापीठाला एवढेच जाणून घ्यायचे असते की हा विद्यार्थी येत्या सत्रात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात बसला तर त्याला शिकवलेले कळेल का. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा ट्रान्सफरचा अर्ज पाहिला तरी हे लक्षात येते. प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांची चार उत्तरे त्यात लिहावी लागतात. त्यांतले तीन प्रश्न निवडीचे असतात, पण निवडलेल्या शाखेसाठी तुम्ही कोणती तयारी केली आहे हा प्रश्न सर्वांना सक्तीचा असतो. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी किमान ६० सेमिस्टर युनिट, म्हणजे क्रेडिट, लागतात हे खरे, पण इंजिनिअरिंगच्या अर्जदाराने कसेबसे ६० चा आकडा गाठून काहीच साधत नाही. सामान्य शिक्षणाचे विषय एक वेळ मागे राहिले तरी चालतील, पण कॅल्क्युलस, डिफरन्शियल इक्वेशन्स, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग आधी पूर्ण करा, असे हे विद्यापीठच सांगते.

कॅलिफोर्नियातच कम्युनिटी कॉलेजमधून, म्हणजे पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजातून, पुढे जाणाऱ्याला याबाबत एक मोठी सोय आहे. सांता मोनिका, डी अँझा, डायब्लो व्हॅली या कॉलेजांमध्ये परदेशी विद्यार्थी मोठ्या संख्येने एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकतात आणि पुढे विद्यापीठात जातात. ‘असिस्ट’ या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आपल्या कॉलेजातला कोणता कोर्स याच विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसमधल्या कोणत्या कोर्सच्या बरोबरीचा आहे, हे प्रवेशाच्या दोन वर्षे आधीच पाहता येते. प्रवेशाची हमी देणारी ‘टॅग’ योजना मात्र सहाच कॅम्पसपुरती आहे. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत, आणि त्या सहांमध्येही काही इंजिनिअरिंग शाखा वगळलेल्या असतात. तरीही हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण यात विद्यार्थ्याला काय शिकायचे आणि ते कुठे धरले जाणार हे आधी ठाऊक असते.

दुसऱ्या देशातून किंवा दुसऱ्या राज्यातून येणाऱ्याला अशी खात्री क्वचितच मिळते. भारतातल्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचे उदाहरण घेऊ. अलीकडेच एका विद्यार्थ्याची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रम समोर ठेवून आम्ही दोघे बसलो होतो. ‘इंजिनिअरिंग फिजिक्स’मध्ये त्याला उत्तम गुण होते, पण त्या पेपरात व्यतिकरण, विवर्तन, लेसर, ऑप्टिकल फायबर, अर्धवाहक आणि थोडे क्वांटम मेकॅनिक्स होते. अमेरिकी विद्यापीठ पहिल्या भौतिकशास्त्रात कॅल्क्युलसवर आधारलेले यंत्रशास्त्र मागते आणि दुसऱ्यात विद्युत व चुंबकत्व. त्यामुळे अवघड विषय चांगला शिकूनही या दोन्हींपैकी एकाचीही जागा त्याच्या पेपरने भरली नाही. गणिताचेही तसेच झाले. मॅट्रिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, फूरिए श्रेणी आणि मल्टिपल इंटिग्रल्स दोन पेपरांत मिळून शिकवली जातात, आणि तिकडे हेच चार वेगवेगळ्या कोर्समध्ये विभागलेले असते. अशा वेळी केवळ गुणपत्रिका पाठवणे व्यर्थ असते. प्रत्येक विषयाचा घटकवार अभ्यासक्रम, तासांची संख्या, पाठ्यपुस्तकाचे नाव, प्रयोगांची यादी आणि शक्य असेल तर सोडवलेल्या प्रश्नपत्रिका, एवढे सगळे जोडले तरच निर्णय घेणाऱ्या प्राध्यापकाला तुलना करता येते.

इथे वॉशिंग्टन कराराचा हवाला अनेक जण देतात. भारत २०१४ मध्ये या कराराचा कायम सदस्य झाला हे खरे, पण तो करार मान्यताप्राप्त संपूर्ण पदवीला समकक्ष मानण्याचा आहे. अर्धवट सोडलेल्या पदवीतल्या सुट्या विषयांना त्याचा काहीही आधार मिळत नाही.

क्रेडिट नाकारणारा विभाग आडमुठेपणा करतो असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेत इंजिनिअरिंग पदव्यांना मान्यता देणारी ‘एबेट’ ही संस्था किमान ३० सेमिस्टर क्रेडिट गणित व मूलभूत विज्ञानाची आणि ४५ इंजिनिअरिंग विषयांची मागते, शिवाय बाहेरच्या क्रेडिटना मान्यता देण्याचे धोरण विभागाकडे आहे का आणि ते पाळले जाते का, हेही तपासते. हा कोर्स का मान्य केला याचे उत्तर विभागाला द्यावे लागते. माझा आक्षेप निर्णयाला नाही, तो कोणत्या वेळी कळवला जातो याला आहे.

बहुसंख्य ठिकाणी आधी प्रवेशपत्र येते, मग अनामत भरून जागा निश्चित करायची, आणि कोणते विषय मान्य झाले हे त्यानंतर, कधीकधी तर ओरिएंटेशनच्या आठवड्यात कळते. आता इंजिनिअरिंगचे विषय एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते पाहा. इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याचे विद्युत व चुंबकत्वाचे भौतिकशास्त्र मान्य झाले नाही, तर त्याला सर्किट्सला बसता येत नाही; सर्किट्स नाही म्हणून सिग्नल्स अँड सिस्टिम्स नाही, आणि ते नाही म्हणून कंट्रोल आणि कम्युनिकेशन नाही. यांतला एखादा विषय वर्षातून एकाच सत्रात शिकवला जात असेल, तर एका नाकारलेल्या कोर्सपायी पदवी अख्खे वर्ष लांबते.

स्थानिक विद्यार्थी अशा वेळी एक-दोन विषय घेऊन उरलेल्या वेळात नोकरी करू शकतो. एफ-१ व्हिसावरच्या पदवी विद्यार्थ्याला ती मुभा नाही. त्याला प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावीच लागतात, त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो, आणि सत्र चालू असताना कॅम्पसवरचे काम आठवड्याला २० तासांपलीकडे करता येत नाही. म्हणजे पुढची वाट एका विषयाने अडवली असली, तरी बाकीची क्रेडिट पदवीला फारशी न लागणाऱ्या विषयांनी भरायची आणि त्यांचे पैसे परराज्यातल्या विद्यार्थ्याच्या चढ्या दराने मोजायचे. सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याला गरजेनुसार आर्थिक मदत जवळजवळ मिळतच नाही, हे लक्षात घेतले, तर हे एक वाढीव वर्ष त्या कुटुंबाला काय पडते याची कल्पना येईल. व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे आय-२० हे पत्र मिळवताना पहिल्या वर्षाच्या खर्चाचा पुरावा दाखवला की काम भागते. न सांगता वाढलेल्या वर्षाचा पुरावा कोणी मागत नाही, पण ते पैसे उभे करावेच लागतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परदेशातून ट्रान्सफर घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशपत्राबरोबरच कोर्सनिहाय क्रेडिटचा लेखी निर्णय मिळाला पाहिजे, निदान ज्या पाच-सहा विषयांवर पुढची सगळी साखळी अवलंबून आहे त्यांचा तरी. प्राध्यापकांना वेळ नसतो, हे यावरचे नेहमीचे उत्तर आहे, आणि हजारो अर्जांच्या बाबतीत ते मला मान्य आहे. पण प्रवेश दिलेल्यांची संख्या कितीतरी कमी असते, आणि त्यांच्यासाठी हेच काम काही आठवड्यांनी करायचेच असते. कॅलिफोर्निया आपल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी हे आगाऊ करू शकते, तर ज्यांच्याकडून सर्वांत जास्त शुल्क घेतले जाते त्यांच्यासाठी ते करायला काय हरकत आहे?

हे होईल तेव्हा होईल. तोवर विद्यार्थ्याने स्वतःच पुढाकार घ्यावा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे ट्रान्सफरचे निकाल साधारण एप्रिलअखेरपर्यंत लागतात आणि जागा निश्चित करण्याची मुदत १ जूनला संपते. हाताशी असलेला तो महिना आनंद साजरा करण्यापेक्षा विभागाच्या सल्लागाराशी पत्रव्यवहार करण्यात घालवावा. त्याला मोघम काही विचारू नये. ‘माझा अमुक कोर्स तुमच्या अमुक क्रमांकाच्या कोर्सच्या जागी धरला जाईल का, आणि धरला गेला नाही तर माझी पदवी कोणत्या सत्रात पूर्ण होईल’ असे नेमके विचारावे आणि उत्तर ईमेलवरच घ्यावे. स्पष्ट उत्तर मिळाले नाही, तर आहे त्या विद्यापीठात पदवी पूर्ण करून नामांकित विद्यापीठाचा विचार मास्टर्सच्या वेळी करणे हा मला पूर्णपणे सन्मानाचा निर्णय वाटतो, आणि तो घेणाऱ्या मुलांना घरच्यांनी कमी लेखू नये असे मला मनापासून वाटते.

जे आधीच अमेरिकेत एफ-१ वर शिकत आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. कॉलेज बदलताना सध्याच्या कॉलेजातला आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचा अधिकारी, म्हणजे डीएसओ, सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली तुमची नोंद एका ठरावीक तारखेला नव्या विद्यापीठाकडे सोडतो. नोंद एका वेळी एकाच विद्यापीठाकडे जाते, आणि ती तारीख उलटेपर्यंतच विनंती मागे घेता येते. त्यानंतर जुन्या कॉलेजच्या हाती काही राहत नाही. म्हणून ती तारीख क्रेडिटचे लेखी उत्तर हाती येण्याआधीची ठेवू नका, आणि नव्या विद्यापीठातले तुमचे वर्ग त्या तारखेपासून पाच महिन्यांच्या आत सुरू होत आहेत याची डीएसओकडून खात्री करून घ्या.