‘कवळी’ शोधलं तर काय सापडतं?

गेल्या रविवारी आमच्या झाडंवाल्या मंडळाची बैठक झाली. विषय एकच, वेबसाइट नवी करायची. दोन तास बसलो. त्यातला एक तास पहिल्या पानावर कुणाकुणाचे फोटो घ्यायचे यात गेला आणि दुसरा, ते पान मराठीत असावं की कन्नडमध्ये यात. बेळगावात राहणाऱ्यांना यापुढचं सांगायला नको. शेवटी चहा आला, कुंदा आला आणि ‘बघूया की पुढच्या महिन्यात’ म्हणत सगळे उठले. मी गप्प होते, कारण मला जे बोलायचं होतं ते या दोन्ही तासांत कुठंच बसत नव्हतं. म्हणून इथं लिहितेय. लांबलंय, आधीच सांगते.

आमच्या शेजारच्या अक्का मूळच्या धारवाडकडच्या. मे महिन्यात त्यांनी बाजारातून करवंदं आणली आणि याचं झुडूप गच्चीवर कुंडीत येईल काय, म्हणून मला विचारलं. मी ऐटीत म्हटलं, "आमच्या मंडळाच्या साइटवर बघा की, सगळं आहे." त्यांनी फोनवर ‘कवळी’ टाकलं, कारण त्यांच्याकडं करवंदाला कवळी हण्णु म्हणतात. काही आलं नाही. मग मी ‘करवंद’ टाकलं. तेही नाही. करवंद आमच्या साइटवर आहे, खरं ते ‘कॅरिसा’ या शास्त्रीय नावाखाली, रोमन लिपीत, ॲपोसायनेसी कुळाच्या यादीत. ज्याला हे आधीच ठाऊक आहे त्यालाच ते सापडणार. आणि ज्याला ठाऊक आहे तो आमच्या साइटवर येईल कशाला?

गंमत पुढं आहे. समजा उद्या आम्ही मराठी नावं घातली, तर ‘कवळी’ शोधणाऱ्या अक्कांपुढं ‘कवळा’ येणार. तो स्मिथिया. पावसाळ्यात पठारावर पिवळीधमक फुलं येतात, पोरं ज्याला मिकी माउस म्हणतात, तो. करवंदाच्या काटेरी जाळीचा पत्ता विचारला आणि गवतातल्या रोपापाशी नेऊन सोडलं, असं होईल. म्हणजे नुसती नावं घालून भागत नाही. नावाशेजारी लगेच फोटो पाहिजे आणि एक ओळ पाहिजे: झाड, झुडूप की वेल, फुलतं कधी, फळतं कधी.

आपल्या भागात एका झाडाला तीन-तीन नावं असतात आणि ती तिन्ही खरी असतात. बहावा म्हणा नाहीतर कक्के म्हणा. पळस म्हणजे मुत्तुग. घाटाकडच्या गावांत कुणी रातांबा म्हणेल, कोकणी बोलणारा भिरंड म्हणेल, कन्नडमध्ये तोच मुरुगलु. माझं म्हणणं एवढंच आहे की शोधायच्या चौकटीत यातलं काहीही, कुठल्याही लिपीत टाकलं तरी त्याच झाडापाशी पोचलं पाहिजे. एवढं केलं तर वरच्या मथळ्यात कुठली भाषा आधी, यावर खुशाल आणखी दहा बैठका घ्या. माझी हरकत नाही.

शास्त्रीय नावांचंही तेच. तीही बदलतात. कारवीचं झुडूप आमच्या साइटवर अजून कार्व्हिया आहे. आता तिला स्ट्रोबिलँथस म्हणतात. नवं नाव घाला, खरं जुनं पुसू नका. लोकांकडची पुस्तकं जुनीच आहेत. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, त्यामुळं आपल्या जिल्ह्याची झाडं त्यात आहेत. आज तो ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट वाचायला मिळतो. त्याची साधी लिंकसुद्धा आमच्याकडं नाही. अध्यक्षांना शाल घातल्याचे फोटो मात्र अकरा आहेत. मोजलेत मी. आणि हो, शहराचं नाव 2014 मध्ये बदललं, जुन्या नोंदींतलं नाही. तेव्हा ‘बेळगाव’ टाकलं काय आणि ‘बेळगावी’ टाकलं काय, नोंद निघाली पाहिजे.

आता माझं वैयक्तिक दुखणं. पंधरा-एक वर्षांपूर्वी मी पावसाळी रानभाज्यांवर बारा पानं लिहून मंडळाला दिली होती. टाकळा, कुरडू, भारंगी, शेवळं. ती साइटवर आहेत, आणि उघडली की दिसतात रोमन अक्षरं, टिंबं नि कंस. तेव्हा श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं होतं. त्या जुन्या फाँटांत ‘क’ हा संगणकासाठी ‘क’ नसायचाच. आत भलतंच रोमन अक्षर असायचं आणि त्याच्यावर फाँट मराठी मुखवटा चढवायचा. फाँट नाही तर मुखवटा नाही. आमच्या कन्नड सभासदांनी नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या जुन्या लेखांची गतही तीच. गूगललाही ते वाचता येत नाही, म्हणजे जगाच्या दृष्टीनं ते लिहिलेलंच नाही. यूनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येतील अशा अक्षरांत, उतरवून घेणं हे कॉलेजच्या दोन पोरांचं सुट्टीतलं काम आहे. दहा वर्षं राहिलंय.

यात नुसता माझा अहंकार नाही हो. शेवळं आंबट घालून नीट शिजवली नाहीत तर घसा असा खाजतो की विचारू नका. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कळलावीचं फूल बघून घरात कंद आणून ठेवणारे लोक मी बघितलेत. त्यात कोल्चिसिन असतं, पोटात गेलं तर जीव जाऊ शकतो. हे पान उघडायलाच हवं, तेही पहिल्या झटक्यात. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात मोबाइलला कसंबसं नेटवर्क मिळतं आणि आमच्या साइटवरचा एकेक फोटो सात-आठ एमबीचा. कॅमेऱ्यातून काढला, जसाच्या तसा चढवला. दोनशे केबीत फोनवर सुरेख दिसतो फोटो.

फोटोंवरून आणखी एक. याबद्दल बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही. जांबोटी, भीमगड या बाजूची रानटी ऑर्किड आपण हौसेनं दाखवतो, खाली गावाचं नाव, ओढ्याचं नाव, सगळं. आणि नाव नाही लिहिलं तरी फोनमधून काढलेल्या फोटोच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांश असतात. ते काढून न टाकता फोटो चढवला म्हणजे ओरबाडणाऱ्याच्या हातात नकाशाच दिला. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर धोक्यातल्या वनस्पतीची नोंद केली की ते नेमकी जागा लपवून साधारण वीस-बावीस किलोमीटरची चौकट तेवढी दाखवतात. आपण तालुका लिहावा आणि थांबावं. पाहुण्यांना ‘खानापूर तालुका, सप्टेंबर’ पुरे. नेमकी जागा सभासदांच्या आतल्या नोंदींत राहू दे, तीसुद्धा सगळ्याच सभासदांना नको, असं माझं मत आहे. रागवा.

उलट जे लपवायला हवं ते आम्ही उघडं टाकलंय. सभासदांची यादी, घरचे पत्ते, मोबाइल नंबर, कुणालाही उतरवून घेता येतील असे. मला खताचे, विम्याचे आणि एकदा बोअरवेलचे फोन आलेत. सभासद व्हायचा फॉर्म मात्र तिरका स्कॅन केलेला. छापा, भरा, शनिवारी पाच ते सहा या वेळेत आणून द्या.

कार्यक्रमांच्या पानावर दोन वर्षांपूर्वीची जूनमधली सहल अजून ‘आगामी’ आहे. त्यापेक्षा ‘या महिन्यात काय फुललंय’ एवढं एकच पान ठेवा आणि दर महिन्याला एकानं जबाबदारी घ्या. इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत रोज फिरायला जाणारे आपल्यात निदान सहाजण आहेत. त्यांनी जाता-येता तीन फोटो काढले तरी पान भरतं. गेल्या वर्षी पुण्याहून एक कुटुंब निळी कारवी बघायला म्हणून आलं. कारवी एका जागी सात वर्षं नुसती हिरवी असते आणि आठव्या वर्षी एकदम फुलून, बी टाकून मरते, हे त्यांना आमच्या साइटवर कुठं वाचायला मिळणार? आमच्या फुलांच्या फोटोंवर वर्षच नाही.

मी अक्कांच्या मदतीनं चाळीस झाडांची मराठी-कन्नड-कोकणी यादी केलीय, वहीत. पुढच्या बैठकीला आणतेय. पहिल्या पानावर कुणाचा फोटो हे ज्यांनी ठरवायचं ते ठरवतील. माझ्याकडून एक बहाव्याचा आहे, एकशे ऐंशी केबीचा.