धूर चांगला आहे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला. ए विंगचं पार्किंग, त्यात निळसर ढग आणि ढगाच्या तळाशी माकडटोपी घालून वाकलेला एक मनुष्य. खाली मजकूर: 'ए विंगला धूरफवारणी झालेली दिसते. बी विंगला नेहमीप्रमाणे सापत्न वागणूक. डास आम्हालाही चावतात.' त्यावर अंगठेच अंगठे. सेक्रेटरींनी शहानिशा न करता 'महापालिकेकडे पाठपुरावा चालू आहे' असं लिहूनही टाकलं.

वाकलेला मनुष्य मी. फवारणीचं यंत्र म्हणजे माझी मोटरसायकल.

गाडी सेकंडहँड. 2014 चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, म्हणजे चोक ओढायची जात. बघायला गेलो तेव्हा पहिल्या सेल्फला चालू झाली. इंजिन आधीच गरम होतं. 'आत्ताच दूध घेऊन आलो,' विकणारा म्हणाला. जुनी गाडी विकणारे सगळे गिऱ्हाईक यायच्या आधी दूधच कसं आणायला जातात, देव जाणे. तापलेल्या इंजिनाचे सगळे गुन्हे पोटात असतात. ते बाहेर येतात जानेवारीत, नाशिकच्या थंडीत, आणि तेही सकाळी सव्वासहाला. मला सातपूरला सातची पाळी.

रोजचा विधी ठरलेला. चोक ओढायचा, सेल्फ दाबायचा. कुईं, कुईं, मग नुसतं टक्. थंडीने बॅटरी आखडलेली. मग किक. एक किक रिकामी जाते, एक अर्ध्यात अडकते, एक सुटून नडगीवर बसते. आमचे वडील स्कूटर चालू होईना की ती अंगावर घेऊन आडवी करायचे. पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतरतं म्हणे. उतरत असेल नसेल, पण गाडीला एकदा लोळवल्याचं समाधान तरी मिळायचं. मोटरसायकल आडवी केली तर उचलायची कोणी? आणि नेमका त्या वेळी फोटो काढणारा गॅलरीत उभा असतोच.

एवढं करून गाडी चालू झाली की धूर. आधी सायलेन्सरमधून एक खोकला, मग तो निळा लोट.

पहिल्यांदा तो लोट निघाला तेव्हा नाना पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते. नाना मूळचे निफाडकडचे. आयुष्यभर द्राक्षबाग केली, आता मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि शाल, कानटोपी, हातात चहाचा कप अशा अवतारात उजाडायच्या आत खाली येतात. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, गाडीकडेही नाही. धूर कुठे जातोय ते मान वर करून पाहत राहिले.

"धूर चांगला आहे," म्हणाले.

"चांगला कसला, नाना. ऑइल जळतंय."

"जळू द्या हो. पण बसतो कसा बघा खाली! वर जात नाही. थंडीला असाच पाह्यजे."

मग कळलं. पारा पाच-सहावर उतरला की तिकडे बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात. नाही तर मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात, व्यापारी बांधावरूनच माघारी जातो. जाळापेक्षा धूर महत्त्वाचा, म्हणून ओला काडीकचरा टाकायचा. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा तापमानाचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून नाशिककर 'काय गुलाबी थंडी' म्हणत भजी तळतात, तेव्हा हे लोक डोळे चोळत घरी आलेले असतात.

"आमची शेकोटी जागची हलत नाही ना," नाना सांगत होते. "वारं फिरलं की आमचा धूर शेजारच्याच्या बागेत. काड्या आमच्या, जागरण आमचं आन् द्राक्षं त्याची वाचायची. तुमच्या धुराला चाकं आहेत."

"चाकं आहेत, पण ती हलत नाहीत, नाना. चालू होऊन लगेच बंद पडते. जरा मागून धक्का देता का?"

"कंबर आहे ना हो." कप दुसऱ्या हातात घेऊन ते पुढे म्हणाले, "एकराला किती लागतील अशा?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. नव्हते करत. शालीतून फोन काढून त्यांनी पुतण्याला लावला. "अरे, इथं एक गाडी आहे. नाही, बसायला नाही. धुराला." मग फोन छातीशी धरून मला, "देणार का? चालूच पाह्यजे असं नाही. ट्रॉलीत टाकून नेऊ."

"नाना, मला कामाला जायचंय."

"तुम्ही जा. रात्रीपुरतीच द्या. आणि एक सांगू का? दुरुस्त करून बिघडवू नका."

तेवढ्यात त्यांनी वॉचमनला हाक मारली. मला वाटलं, धक्क्यासाठी. वॉचमन आला, नानांच्या शेजारी उभा राहिला आणि तोही वर बघायला लागला.

त्या दिवशी पंचिंगला उशीर झाला तो झालाच. तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. कारणाच्या रकान्यात 'गाडी चालू झाली नाही' लिहिलं की साहेब म्हणतात, नवीन का घेत नाही. नवी गाडी लाखाच्या घरात गेलीय. पगार कापायचा आणि वर नवी घ्या म्हणायचं! हप्ता काय त्या कापलेल्या अर्ध्या दिवसातून भरायचा?

मेकॅनिक मात्र मुद्द्याचा माणूस. त्याने विचारलं, धूर कधी येतो? सकाळी चालू करताना एकदम आणि नंतर कमी, म्हटल्यावर म्हणाला, व्हॉल्व्हची सीलं गेली. रात्रभर ऑइल गाइडमधून झिरपून सिलिंडरमध्ये उतरतं आणि सकाळी जळतं. एक्सलेटर पिळताना सारखा आला असता तर पिस्टन-रिंग. काळा असता तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकला असेल नाही तर एअर फिल्टर चोंदलाय. पांढरा येऊन लगेच विरला तर नुसती वाफ, थंडीत सगळ्याच गाड्यांना येते. प्लग काढून दाखवला: चॉकलेटी असायला हवा तो काळाकुट्ट आणि तेलकट.

मग त्याने विचारलं, "घेतल्यावर ऑइल बदललंत का?"

बदललं होतं. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते, 10डब्ल्यू-30, म्हणजे पातळ.

"तरीच! आधीच्याने जाड ऑइल भरलं असणार. जाड ऑइल सीलमधून कमी झिरपतं, धूर दबतो. पण थंडीत ते घट्ट होतं, इंजिन फिरत नाही, सेल्फ दमतो. पातळ टाकलं की फिरतं, पण धूर."

म्हणजे मला निवड आहे. जाड ऑइल भरून किका मारत बसायचं, की पातळ ऑइल भरून बी विंगचा रोष घ्यायचा? विकणाऱ्याला हे सगळं माहीत होतं. त्याचा फोन आता लागत नाही. गाडी ट्रान्स्फर होईपर्यंत दिवसाला चार वेळा 'दादा, झालं का' म्हणून विचारणारा माणूस हाच.

यात कायदा आपल्या बाजूने असेल म्हणून पीयूसी काढायला गेलो. गाडी नापास झाली तर विकणाऱ्याच्या तोंडावर कागद तरी मारता येईल. गेलो दुपारी, म्हणजे इंजिन तापलेलं. सायलेन्सरमध्ये नळी घातली, मर्यादा कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्के, हायड्रोकार्बन 4500 पीपीएम, गाडी दोन्हींत आरामात पास. धुराचा दाटपणा मोजायची चाचणी डिझेलच्या गाड्यांना, पेट्रोलच्यांना नाही. "एकदम क्लीन," पीयूसीवाला म्हणाला. पैसे घेतले, नंबरप्लेटचा फोटो काढला, सर्टिफिकेट दिलं. ते सर्टिफिकेट सेक्रेटरींना दाखवलं तर ते म्हणाले, "मग सकाळी धूर काढता कशाला?"

शेवटी मेकॅनिकला म्हटलं, करून टाक काय ते. तो म्हणाला, हेड उतरवावं लागेल. सीलं स्वस्त आहेत, मजुरी जास्त. गाडी दोन दिवस ठेवायची, सकाळी सातच्या आत आणायची.

"अरे बाबा, सकाळी ती चालू होत नाही. तेच तर दुखणं आहे."

"मग दुपारी आणा."

"चालेल, दुपारी आणतो."

"पण दुपारी मी नसतो," तो म्हणाला.