सहा डबे मांडले म्हणजे सराउंड होत नाही

"कॉम्प्युटरला स्पीकर घ्यायचेत? सरळ ५.१ घ्या. जास्त वॅट तो चांगला. एक वायर जोडा, मागचे दोन पाठीमागे ठेवा, सबवूफर कोपऱ्यात सरकवा, एखादं दणकेबाज गाणं लावून बघा. झालं घरच्या घरी थिएटर!" हा सल्ला वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. गेम आणि सिनेमासाठी ५.१ घ्यावा, इथपर्यंत मला तो मान्य आहे. पुढचं मात्र एकेक करून तपासू.

"एक वायर जोडा." बहुतेक जण फसतात ते इथेच. ५.१ म्हणजे सहा वेगळे चॅनेल: पुढे डावा-उजवा, मधला, दोन सराउंड (म्हणजे ते मागचे) आणि फक्त खालच्या फ्रिक्वेन्सींचा, म्हणजे खर्जाचा, एक, सबवूफरसाठी. साध्या स्टिरिओ पिनेतून जातात दोनच. म्हणून तर डेस्कटॉपच्या मागे हिरवं, काळं आणि नारिंगी अशी सॉकेट असतात. हिरवं पुढच्या जोडीचं, काळं मागच्या, नारिंगी मधल्या स्पीकरचं आणि सबवूफरचं. सेट घेण्याआधी तो उलटा करून पाठ बघा. तिथे एकच स्टिरिओ इनपुट असेल तर आतलं सर्किट तेच दोन चॅनेल पाच स्पीकरना वाटून देतं. गेममध्ये पावलं मागून यायला हवीत, ती चहूबाजूंनी येतात. ब्लूटूथवरही नेहमीचा ऑडिओ दोनच चॅनेलचा.

"मग ऑप्टिकल केबल लावू" म्हणाल, तर त्यातही मेख आहे. ऑप्टिकलमधून कॉम्प्रेस न केलेले दोनच चॅनेल जातात. सिनेमाचा डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस पद्धतीचा ५.१ ट्रॅक त्यातून जातो, कारण तो आधीच कॉम्प्रेस केलेला असतो. गेमचा आवाज जागच्या जागी तयार होतो, त्यामुळे साउंड कार्डला तो तिथल्या तिथे तसा कॉम्प्रेस (एन्कोड) करता आला नाही, तर पुन्हा दोनच चॅनेल. एचडीएमआयला ही अडचण नाही, पण मग रिसीव्हर हवा, म्हणजे एचडीएमआय घेऊन सगळे स्पीकर चालवणारा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर.

आणि वायरी बरोबर लावूनही विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर 'स्टिरिओ'वरच राहिले असतील, तर मागचे दोन बहुधा मुकेच राहतील. तिथे ५.१ निवडून टेस्टचं बटण दाबा आणि एकेक स्पीकर बोलतोय का बघा. मधल्याच्या जागी सबवूफर घुमला तर ते दोन चॅनेल उलटे लागलेत.

"जास्त वॅट तो चांगला." कोणता वॅट? खोक्यावर मोठ्या अक्षरात असतो तो पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा. तो कसा मोजायचा याचं सर्वमान्य मानकच नाही, छापणाऱ्याची मर्जी. आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा शोधा, आणि त्यावरही विश्वास नसेल तर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागचं छोटं लेबल वाचा. सेट भिंतीतून सगळा मिळून ६० वॅट ओढत असेल, तर स्पीकरना सतत १,००० वॅट कुठून देणार? खरे वॅट दुप्पट केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. टेबलाशी, हातभर अंतरावर बसणाऱ्याला ही शर्यत हवीय कशाला?

"मागचे दोन पाठीमागे." आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) शिफारशीत सराउंडची जागा नाकासमोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर आहे. म्हणजे कानांच्या बाजूला, जरासे मागे. पाठीशी भिंतीला चिकटवून नव्हे. पुढचे स्पीकर दोन फुटांवर आणि मागचे सहा फुटांवर असतील, तर मागच्यांची पातळी सेटिंगमध्ये वाढवावी लागते. जागाच नसेल तर चांगले दोन स्पीकर घ्या, कुरकुर न करता.

"सबवूफर कोपऱ्यात." कोपऱ्यात बास फुगतो, हे खरं. फुगलेला आणि चांगला यांत फरक असतो. लहान सेटची खरी गंमत वेगळीच आहे. बोटभर लांबीच्या सॅटेलाइट स्पीकरना (सबवूफर सोडून बाकीच्या छोट्यांना) १५० हर्ट्झच्या खाली फारसं काही जमत नाही, म्हणून तो भाग सबवूफरवर ढकललेला असतो. पुरुषी आवाजाचा तळ साधारण ८५ ते १८० हर्ट्झचा. परिणाम असा, की नायक स्क्रीनवर बोलतो आणि त्याची छाती टेबलाखाली घुमते. सुमारे ८० हर्ट्झच्या वरचा आवाज कुठून येतोय हे कानाला कळायला लागतं, त्यामुळे असा सबवूफर कोपऱ्यापेक्षा पुढे, मॉनिटरच्या आसपास शोभतो.

"दणकेबाज गाणं लावून बघा." बहुतेक गाणी दोन चॅनेलची असतात, त्यामुळे त्यातून सराउंडची परीक्षा होतच नाही. मागून गाणं ऐकू आलंच, तर ती बहुधा पुढच्याची नक्कल. शिवाय बासच्या धडाक्यात बाकीची उणीव झाकली जाते. त्यापेक्षा ५.१ ट्रॅक असलेल्या सिनेमातला संवादांचा प्रसंग लावा, आवाज कमी ठेवा, आणि मधल्या स्पीकरमधून प्रत्येक शब्द सुटा कळतो का ऐका. मग सबवूफर बंद करून तोच प्रसंग पुन्हा लावा. पुरुषांचे आवाज अचानक पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटले, तर तो सेट मी घेणार नाही, खोक्यावर कितीही वॅट छापलेले असोत.